समोरून बघायची स्क्रीन

१५ मार्च १९९८, रविवार. पेण.

बाण हरवला. सगळ्यांनी मिळून शोधला, सापडला नाही.

पनवेलच्या दुकानातून हरेश दोन लॅपटॉप घेऊन आला होता — एक काळा, एक राखाडी. जगनकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात, रंगाच्या डब्यांची फळी पुसून तिच्यावर मांडले. काळा मोठा, बारा इंची, स्क्रीन ड्युअल स्कॅन. राखाडी लहान, दहा इंची, पण टीएफटी. हरेश म्हणाला, "दोन्ही कलर आहेत, मॅडम." जसं काही मी ब्लॅक अँड व्हाइट मागितला होता.

काळ्यावर माऊस जरा भरकन फिरवला की बाण विरघळतो. थांबलं की कुठल्यातरी कोपऱ्यातून हळूच उगवतो. काका वाकून म्हणाले, "आत गेला काय गो?" आणि लॅपटॉपच्या मागे जाऊन बघून आले. राखाडीवर असलं काही नाही. डावीकडून बघा, उजवीकडून बघा, उभं राहून बघा — चित्र जिथल्या तिथे. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पण हरेशने दोन्ही पाडव्यापर्यंत ठेवलेत. "दोघं वापरून बघा, मग एक परत द्या." दोघं म्हणजे मी आणि मिथुन.

गेल्या गणपतीत नाशिकचा लाल गणपती ठाण्याला गेला आणि ठाण्याचा निळा नाशिकला. तेव्हापासून जगनकाकांनी कंप्युटरचा ध्यास घेतलाय. मी फॉक्सप्रोमध्ये बुकिंगचा प्रोग्राम लिहायचा. मिथुनने मूर्तींचे फोटो स्कॅन करून, रंग नीट करून कॅटलॉग करायचा. व्यापारी आले की स्क्रीनवर दाखवायचं आणि तिथेच बुकिंग घ्यायचं. आठवडाभर लॅपटॉप माझ्याकडे रोह्याला, रविवारी आम्ही दोघंही पेणला.

मिथुन काकांचा पुतण्या. आखणी करतो. हा शब्द मला इथेच कळला — आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रंगवणं. सगळं झाल्यावर शेवटी करायचं, आणि ते कोणालाही जमत नाही. गेल्या वर्षी रोह्याला मी शिकवते त्या क्लासमध्ये तो कोरल ड्रॉ शिकायला यायचा. माझ्यापेक्षा मोठा आहे, तरी अजून मॅडम म्हणतो. मी थांबवलेलं नाही.

१६ मार्च

मान धरली. काळ्याच्या बरोबर समोर, ताठ बसलं तरच अक्षरं वाचता येतात. मी आयुष्यात कधी ताठ बसलेली नाही.

१८ मार्च. रोहा.

खांब गावचं स्थळ अजून जिवंत आहे. मला वाटलं होतं, होळीत विसरले असतील.

हायवेवर त्यांचा ढाबा आहे. मुलगा चांगला आहे म्हणे. फोटोत तो मोटरसायकलवर बसलाय आणि मोटरसायकलच जास्त दिसते. सुनेने नोकरी केलेली त्यांना चालणार नाही. गल्ल्यावर बसली तर चालेल. म्हणजे फॉक्सप्रो शिकून मी मिसळीची कुपनं फाडायची.

बाबा सकाळच्या शिफ्टवरून आले, पाय धुतले आणि एका दमात बोलले. "हे बघ नमे, यंदाच्या बुकिंगला तुझा धंदा चालला, तर मी खांबवाल्यांना नाय सांगतो. नाय चालला, तर व्हय. मग रडायचं नाय." बाबा कंपनीत सुपरवायझर आहेत. त्यांना प्रत्येक गोष्टीत पास किंवा फेल लागतं.

आई म्हणाली, "कंप्युटरमधी गणपती दिसला नाय चांगला, तर व्यापारी कशाला थांबतील?"

आई बोलून गेली, पण अगदी नेमकं. आता एका स्क्रीनवर माझं लग्न टांगलेलं आहे. राखाडीच. प्रश्नच नाही.

२२ मार्च, रविवार. पेण.

प्रश्न आहे. मिथुनला काळा हवाय!

आज दोन्ही शेजारी शेजारी लावले. दोन्हींवर एकच गणपती — कमळात बसलेला, पिवळं पितांबर, हिरवा शेला. मी म्हटलं, बोला आता. मिथुनने दोन्हींकडे नीट बघितलं. डबे उघडून रंग बघतो तसं. मग काळ्याकडे बोट केलं.

"हीच, मॅडम."

मी माझ्या खुर्चीवरून बघत होते, म्हणजे बाजूने. तिथून काळ्यावरचा गणपती जांभळट, उंदीर पांढरा आणि पितांबराचा चिखल झालेला. म्हटलं, अहो, तुम्ही रंगारी आहात ना? हा पिवळा आहे का?

"इथून बघा ना, मॅडम."

वाकले. तरी नीट दिसेना. आणखी वाकले. शेवटी आमची डोकी एकमेकांना लागायची बाकी होती, तेव्हा कुठे पितांबर पिवळं झालं. हो, तिथून बरं दिसतं. पण व्यापाऱ्यांना काय आळीपाळीने त्या एका जागेवर बसवणार? तर म्हणतो, "बसतील."

मिथुनच्या कानाच्या पाळीला सोनेरी रंग लागला होता. सांगणार होते, राहून गेलं.

२५ मार्च

राग शमलेला नाही. रोह्याला आल्यापासून मनातल्या मनात भांडतेय.

खरं तर उलटं व्हायला हवं होतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्क्रीन मोठी हवी — जास्त ओळी मावतात, सारखं वरखाली करावं लागत नाही, रंगांचं काय, काळ्यावर पांढरी अक्षरं दिसली की झालं. म्हणजे काळ्यासाठी मी हट्ट धरायचा. आणि चित्रवाल्याला रंग खरे हवेत, म्हणून राखाडीसाठी त्याने. आम्ही दोघंही आपापल्या धंद्याच्या विरुद्ध बाजूने भांडतोय. मी निदान व्यापाऱ्यांचा विचार करतेय. तो कशाचा करतोय, देव जाणे.

एसटीडी बूथवरून कारखान्यात फोन लावला. मुद्दे समजावून सांगितले. बूथवाला पेपर बाजूला ठेवून ऐकत होता. मिथुन सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "बरोबर आहे, मॅडम." मग म्हणाला, "पण काळाच घेऊ."

शिकायला होता तेव्हाही असाच. चूक कबूल करायचा आणि तीच पुन्हा करायचा.

२७ मार्च, शुक्रवार

कोडं सुटलं. मी हुशार आहे हे मला माहीत होतं, पण एवढी असेन असं वाटलं नव्हतं.

क्लासला सुट्टी होती, दुपारची पॅसेंजर धरून पेणला गेले. म्हटलं, उद्या पाडवा, शेवटचं भांडून घेऊ. मिथुन आतल्या खोलीत आखणी करत होता. तिथे आखणी चालू असताना कोणी जायचं नाही, बोलायचं नाही, दार आपटायचं नाही — काकासुद्धा चप्पल हातात घेऊन पुढून जातात. मी दाराच्या फटीतून बघितलं. मिथुन पाटावर बसलेला. समोर गणपती. दोघांची नाकं समोरासमोर, एका रेषेत. मी बघत होते तेवढा वेळ तो तसूभरही हलला नाही. श्वास घेतो की नाही, अशी शंका आली. मग जगनकाकांच्या बायकोने, सगुणाकाकींनी, खूण करून मला तिथून हाकललं.

तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस लहानपणापासून जगाकडे फक्त समोरून बघत आलाय! बाजूने बघायची त्याला सवयच नाही. ताठ, मधोमध, न हलता. त्याच्या दृष्टीने काळ्या स्क्रीनमध्ये दोषच नाही, कारण त्याला दोष दिसेल अशा जागी तो कधी बसतच नाही. मी इकडे मांडी, तिकडे पाय, एक कोपर खुर्चीवर अशी बसते, म्हणून मला दिसतो.

इतका सोपा उलगडा. राग पार गेला. उलट कीव आली. पिढ्यान्‌पिढ्यांची बैठक मी दोन आठवड्यांत कशी मोडणार? आणि शेवटी रंग त्यालाच नीट करायचेत. त्याला जी दिसते ती स्क्रीन घ्यावी. व्यापाऱ्यांना मधोमध एकेक करून बसवू, माझं लग्न तेवढं जपून हाताळू.

काकींना माझी थिअरी सांगितली. त्या एका मूर्तीचा शेला पुसत होत्या. म्हणाल्या, "असंल बाय." आणि तोंडाला पदर लावला. रंगाच्या वासाने असेल.

२८ मार्च, गुढीपाडवा. पेण.

काळा घेतला. काकांनी त्याची पूजा केली. हळद ठीक, पण कुंकू 'एन'च्या बटणाखाली गेलं आणि आता माझं नाव लिहिताना बटण कुरकुरतं. हार घातला तो बिजागरीत अडकला, मग झाकण उघडेना. नारळ लॅपटॉपवर फोडणार होते. मी आणि हरेशने हात धरले.

राखाडी परत गेला. हरेशने पिशवीत भरला तेव्हा मला उगाच वाईट वाटलं. जाताना हरेश म्हणतो, "नवलच आहे. चित्रवाले आजवर टीएफटीच मागत आलेत." त्यालाही थिअरी सांगितली. तो मिथुनकडे बघत राहिला. मिथुन गुढीची काठी बांधत होता, अगदी मन लावून.

५ एप्रिल, रविवार. पेण.

कामाला सुरुवात. पहिलीच अडचण — बसायचं कसं? मधोमध एकच खुर्ची मावते. मी मध्ये बसले तर मिथुनला जांभळा गणपती, तो मध्ये बसला तर मला पांढरा उंदीर. शेवटी काकांनी शाळेतलं एक जुनं बाकडं आणून दिलं, दोन पोरं बसतील असं. आम्ही दोघं पोरं नाही. पण बसतो. मध्ये माझी पर्स ठेवत होते, पण पर्स ठेवली की दोघंही मधोमध राहत नाही. मग पर्स खाली ठेवली.

काकी चहा घेऊन आल्या. "चिकटलाय काय गो तुमी दोघां?"

म्हटलं, स्क्रीनचा अँगल आहे, काकी.

"व्हय," म्हणाल्या, "अँगलच हाय."

१२ एप्रिल

उन्हाची वेगळीच तऱ्हा. दुपारी पत्रा तापला की स्क्रीन फिकी पडते. कडेला एक चाक आहे, ते फिरवलं की गडद होते. सकाळी फिरवा, दुपारी फिरवा, चार वाजता वारा आला की परत फिरवा. आमच्या घरी रेडिओचं असंच होतं.

फिकेपणात मिथुनने एका गणपतीचं पितांबर नको इतकं गडद करून ठेवलं. संध्याकाळी बघतो तर भगवं. पण चिडला नाही. मीही चिडले नाही. हे नवीन आहे.

१९ एप्रिल, रविवार

मिथुन चित्रावर काम करताना काही बोलत नाही. मी प्रोग्राम लिहिताना सतत बोलते — प्रोग्रामशी. आज लूप अडकलं तेव्हा मी त्याला काय काय म्हटलं! संपल्यावर लक्षात आलं, मिथुन हसू दाबून बसलाय. इतक्या जवळ बसल्यावर हसू दाबलेलं कळतंच, बाकडं हलतं.

कानाच्या पाळीला आज हिरवा होता. सांगितलं. पुसला, पण दुसऱ्याच कानाचा.

३ मे

पुढच्या रविवारी तीन मोठे व्यापारी येणार — ठाण्याचे, नाशिकचे आणि म्हापशाचे. काकांच्या मालातला अर्धाअधिक हे तिघं उचलतात. तिघंही एकाच वेळी!

मी म्हटलं, वेगवेगळे बोलवा, एकेकाला मधोमध बसवू. काका म्हणाले, "मोठी माणसां. एकाला आधी बोलावला तर दुसरा रुसतो."

त्यात भर — बाबा बघायला येणार आहेत. "पास का फेल, माझ्या डोल्यांनी बघतो."

मिथुनला म्हटलं, हे सगळं तुमच्यामुळे. राखाडी असता तर मी आता शांत झोपले असते. त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला. मग मलाच कसंतरी झालं. म्हटलं, जाऊ दे, होईल काहीतरी. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं... खांबचं... ह्याच्यावर आहे ना?" म्हटलं, हो. त्यानंतर तो दिवसभर चाक फिरवत बसला, गरज नसताना.

१० मे, रविवार. पेण.

क्रमाने लिहिते.

व्यापारी आले. ठाण्याचे शेठ गुडघा दुखतो म्हणून डाव्या बाजूच्या स्टुलावर बसले. म्हापशाचे उजवीकडे खांबाला टेकून उभे राहिले. नाशिकचे मधोमध, बाकड्यावर. बाबा सर्वांच्या मागे, प्लॅस्टरच्या पोत्यावर.

मिथुनने कमळातला गणपती लावला.

ठाण्याचे शेठ म्हणाले, "वा. हा चॉकलेटी शेला छान आहे. असा बघितला नव्हता कुठे."

म्हापशाचे म्हणाले, "चॉकलेटी? गुलाबी आहे तो. फिका गुलाबी. आमच्याकडे हा चालेल."

नाशिकचे मधोमध बसलेले. ते शांतपणे म्हणाले, "हिरवा आहे."

झालं. ठाण्याच्या शेठनी चष्मा पुसला आणि म्हापशाच्यांना डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. म्हापशाचे म्हणाले, गणपतीचा धंदा आपण रंग न ओळखता करतो काय? नाशिकचे दोघांना समजावत होते आणि म्हणून दोघंही त्यांच्यावर चिडले. मिथुन पांढरा पडला होता, आणि तो कुठूनही बघितला तरी पांढराच. मला समोर ढाब्याचा गल्ला दिसायला लागला.

तेवढ्यात जगनकाका उठले. त्यांनी एकेकाच्या मागे जाऊन, त्या त्या जागेवरून वाकून स्क्रीनकडे बघितलं. डावीकडून, उजवीकडून, मधून. मग सरळ उभे राहिले, आणि मला म्हणाले,

"नमे, लिव गो. ठाण्याला चाकलेटी. म्हापशाला गुलाबी. नाशकाला हिरवा. ज्याला जो दिसला तो."

सगळे थांबले. ठाण्याच्या शेठनी विचारलं, "म्हणजे तिन्ही आहेत?"

"एकाच चित्रात तिन्ही हाय," काका म्हणाले. "नवीन पद्धत हाय. जागा बदला नि बघा."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. ठाण्याचे शेठ गुडघा विसरून उठले आणि उजवीकडे गेले. "अरे, गुलाबी!" म्हापशाचे डावीकडे आले. "हां, चॉकलेटी!" नाशिकचे उभे राहिले तर शेला जांभळा झाला, तोही त्यांना आवडला. तिघंही फळीभोवती फिरायला लागले, एकमेकांना वाट देत, प्रदक्षिणा घालावी तसे. मी प्रत्येक फेरीला बुकिंग घेत होते. 'एन' कुरकुरत होतं. मिथुन चाक धरून होता, म्हणजे मध्येच रंग बदलू नयेत.

व्यापारी गेल्यावर बाबा पोत्यावरून उठले. पँटला मागे पांढरा ठसा. म्हणाले, "मला तर तिथनं कायच दिसला नाय. नुसता पांढरा." मग म्हणाले, "पण तिघां भांडली, म्हणजे माल चांगला हाय. पास."

११ मे

प्रोग्राममध्ये नवीन रकाना टाकला. बाजू: डावी / उजवी / समोर / उभं राहून.

१७ मे, रविवार. पेण.

आता अडचण अशी की डावीकडचा चॉकलेटी बाजारात मिळत नाही. तो फक्त डावीकडून मिळतो. मिथुन आज ठाण्याच्या शेठच्या स्टुलावर जाऊन बसला, डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघितलं, ताटलीत लाल, काळा, किंचित पिवळा घातला, पुन्हा बघितलं. मग ब्रश फिरवला. हुबेहूब! मग उजवीकडे जाऊन गुलाबी. तोही हुबेहूब.

मी कौतुक केलं. म्हटलं, बघा, सवय केली की तुम्हालाही बाजूने बघता येतं. तो खाली बघून ताटली ढवळत राहिला.

२५ मे. रोहा.

बाबांनी खांबवाल्यांना नकार कळवला. शब्द पाळला. मी देवाला साखर ठेवली.

संध्याकाळी म्हणतात, "आता पोरगी धंदेवाली झाली. आता खांब कशाला? मोठा बघू." अलिबागचं स्थळ आणलंय. तीन मजली घर, खाली दुकान, मुलगा बी.कॉम. त्यांना कंप्युटरवाली सूनच हवी — दुकानाचा हिशोब करायला. पुढच्या महिन्यात बघायला येणार, चौदा तारखेला.

म्हणजे पास झाले म्हणून वरच्या इयत्तेत ढकलली. पेणचं काम? "तिकडे पण गणपती असतात," आई म्हणाली.

रडले. का, ते नीट सांगता येत नाही. प्रोग्राम तर मी कुठेही लिहू शकते.

७ जून, रविवार. पेण.

आज बाकड्यावर बसून काम झालंच नाही. मिथुन सकाळपासून आत आखणीला. मी बाहेर एकटी मधोमध बसले होते. बाकडं एकटीला फार मोठं आहे.

काकी आल्या. "आत जा. आज चालंल."

आत आखणी चालू असताना? "जा गो. सांगते ना."

दाराशी चप्पल काढली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मिथुनने मला बघितलं की नाही, माहीत नाही. गणपतीच्या नाकासमोर नाक, तसाच ताठ. बारीक ब्रशने भुवईची रेघ ओढली. मग पापणी. मग — ब्रश खाली ठेवला. उठला. डावीकडे गेला, गुडघ्यावर बसून बघितलं. उजवीकडे गेला. मागे सरकून पायाकडून वर बघितलं. परत येऊन बसला, एक ठिपका दिला. पुन्हा उठला, पुन्हा डावीकडे.

मी बघतच राहिले.

बाहेर येऊन काकींना म्हटलं, हा तर बाजूने बघतो. काकी हसत सुटल्या. इतके दिवस साठवलेलं हसू असावं. "अगो, बाजूनं बघितला नाय तर गणपती चकणा होईल! आखणीवाला जेवढा समोरनं बघतो तेवढाच बाजूनं बघतो. तू दारातनं बघितलास तवा तो नेमका बसला होता."

मग मार्चमध्ये मला का नाही सांगितलंत?

"तू येवढ्या हौसेनं सांगत होतीस," म्हणाल्या.

मिथुन हात पुसत बाहेर आला. मी विचारलं, मग तुम्हाला काळ्या स्क्रीनचा दोष दिसत होता? पहिल्या दिवसापासून? तो म्हणाला, "हो मॅडम." मग का घेतली? तो ब्रश धुवायला गेला. धुतलेलाच ब्रश.

पॅसेंजरमध्ये नागोठणं कधी गेलं कळलं नाही. लॅपटॉप पेणलाच विसरला, हे रोह्याला उतरल्यावर कळलं.

८ जून

अख्ख्या क्लासला आज कोरलमध्ये एकच चौकोन काढायला लावला आणि विसरून गेले.

१० जून, बुधवार. रोहा.

अलिबागवाल्यांना येऊ नका म्हणून कळवायला सांगितलं. बाबांनी कारण विचारलं. उद्या सांगते म्हटलं. कारण असं —

दुपारी मिथुन क्लासवर आला. मुलं गेली होती. दारातच उभं राहून, पाठ केल्यासारखं म्हणाला, "स्क्रीन बाजूनं दिसली असती, तर तू बाजूलाच बसली असतीस."

तू म्हणाला. मॅडम नाही.

लॅपटॉप पेणलाच होता. समोर बघायला काहीच नव्हतं. तरी मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.